पाठांतर आणि पोथी

आमचें आणि आमच्या ज्येष्ठ बंधूंचें बिऱ्हाड अद्यापि एकत्र आहे, हें या सदराच्या नेहमींच्या वाचकांस ठाऊक आहेच. घरांत तीन पिढ्या नांदतात, चूल एक आहे, आणि मतें मात्र माणसांइतकींच आहेत. गेल्या महिन्यांत या घरांत एक लहानसा कलह झाला. कलहाचें कारण वरवर पाहतां संगणकाचें होतें. परंतु विचार करूं लागल्यावर आम्हांस तें विद्येचेंच वाटलें, आणि म्हणून त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

दादांच्या सूनबाई संगणकाच्या कामांत आहेत. मुलगा झाल्यावर तीन वर्षें त्यांनीं नोकरी सोडली होती. यंदा एका कंपनीनें त्यांस घरूनच काम करण्याच्या बोलीवर, परंतु तीन महिन्यांच्या उमेदवारीनें घेतलें. पहिलें मोठें काम आलें तें औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकरितां मागणी नोंदविण्याचें पान तयार करण्याचें. दुकानदारानें औषध निवडावें, नगांची संख्या लिहावी, आणि खालीं एकूण रक्कम दिसावी, इतकेंच तें काम. हल्लीं असें काम करितांना कृत्रिम बुद्धीच्या सहायकाची मदत घेण्याचा प्रघात पडला आहे. काय हवें तें साध्या भाषेंत सांगावें आणि त्यानें संगणकाच्या भाषेंत मजकूर लिहून द्यावा. सूनबाईंनींहि तसेंच केलें. पान दिसावयास सुरेख झालें. परंतु दहा नगांच्या जागीं शंभर लिहिले तरी खालची बेरीज जागची हालेना! कोठें 'चूक' अशी पाटी नाहीं, कोठें पान अडत नाहीं. रक्कम तेवढी दहा नगांचीच. या शोधांत दोन रात्री गेल्या. मूल झोपलें म्हणजे सूनबाई बसत, आणि पहाटे दुधाची वेळ झाली म्हणजे उठत.

तिसऱ्या दिवशीं जेवणाच्या वेळीं दादा म्हणाले, "यंत्राला विचारून लिहिणाऱ्यास स्वतःचें काय येणार? प्रकृति बिघडवून घेण्यापेक्षां ही नोकरी सोडलेली बरी." सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. वहिनींनीं आमटीचें भांडें जरा मोठ्यानेंच खालीं ठेविलें. आम्हीं मध्यें बोलावयाचें नाहीं असें ठरविलें होतें, पण राहवलें नाहीं. आणि त्या दिवसापासून चार संध्याकाळीं आम्ही सूनबाईंच्या शेजारीं खुर्ची टाकून बसलों. आमचें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पुढें जी थोडीफार विद्या झाली ती पाठशाळेंतील व्याकरणाची. तेव्हां पुढें जें लिहीत आहों तें त्यांनीं समजावून दिलेलें आहे. समजण्यांत कांहीं उणें राहिलें असल्यास दोष आमचा.

प्रथम 'लायब्ररी' म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. संगणकाचें काम करणारा मनुष्य सर्व मजकूर स्वतः लिहीत नाहीं. गृहिणी जसा गोडा मसाला वर्षाचा एकदांच करून ठेविते आणि रोजच्या आमटीला त्यांतला चमचाभर घेते, तसे या लोकांनीं नेहमीं लागणारे भाग करून ठेविलेले असतात, आणि बहुधा ते सर्वांस विनामूल्य खुले असतात. अशा संग्रहास ते लायब्ररी म्हणतात. तो कसा वापरावा, कोणता भाग केव्हां घालावा, कोणता आतां वापरूं नये, हें सांगणारी जी पोथी असते तिला डॉक्युमेंटेशन म्हणतात. सूनबाई ज्या लायब्ररीवर काम करितात तिचें नांव स्वेल्ट. रिच हॅरिस या गृहस्थांनीं ती २०१६ सालीं प्रसिद्ध केली, आणि पुढें अनेकांच्या हातांनीं ती वाढली. ऑक्टोबर २०२४ मध्यें तिची पांचवी आवृत्ति निघाली. या आवृत्तीनें लिहिण्याचें वळणच बदललें. त्यापूर्वीं, २०१९ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून, 'लेट' असा शब्द लिहून एखाद्या राशीस नांव दिलें कीं ती राशि बदलतांच पानावरील आकडाहि आपोआप बदलत असे. नव्या वळणांत तसें होत नाहीं; जी राशि बदलती ठेवावयाची तिच्यापुढें डॉलरच्या खुणेचें 'स्टेट' हें चिन्ह घालावें लागतें, आणि एका राशीवरून दुसरी काढावयाची असल्यास 'डिराइव्ड' हें चिन्ह. या चिन्हांस त्यांनीं 'रून्स' असें नांव दिलें आहे. जुन्या वळणाचीं पानें पांचव्या आवृत्तींतहि चालतात. परंतु एका पानांत एक जरी नवें चिन्ह आलें कीं त्या सबंध पानास नवे नियम लागू होतात.

आतां घोटाळा कसा झाला तें लक्षांत येईल. सहायकानें रकमेपुढें नवें चिन्ह घातलें, आणि नगांची संख्या मात्र जुन्या वळणानें नुसत्या 'लेट'नें लिहिली. पान नव्या नियमांखालीं गेलें. संख्या बदलते हें त्याला कळेना. बेरीज जागच्या जागीं राहिली. खरें म्हटलें तर संगणकानें याविषयीं एक ओळीची सूचना दिली होती, परंतु ती इतर पुष्कळ ओळींच्या गर्दींत बुडून गेली. सूनबाईंनीं नोकरी सोडली तेव्हां चौथी आवृत्ति चालू होती. त्यामुळें जुनें वळण पाहून त्यांच्या डोळ्यांसहि कांहीं खटकलें नाहीं. सहायक आणि सूनबाई या दोघांचें पाठांतर एकाच काळचें ठरलें!

पण एवढ्या हुशार सहायकानें असें कां करावें? त्याचें कारण असें कीं, त्याची विद्या पाठांतराची आहे. अमुक एका दिवसापर्यंत जगांत जें लिहिलें गेलें त्यांतील अफाट मजकूर त्याच्याकडून घोकून घेतलेला असतो, आणि त्या दिवसानंतर जें बदललें तें त्यास ठाऊक नसतें. शिवाय जें ठाऊक असतें त्यांतहि जुन्याचाच भरणा अधिक. स्वेल्टच्या जुन्या वळणाचे नमुने वर्षानुवर्षें सांठले. नव्या वळणाचे त्या मानानें थोडे. सहायक लिहूं लागला कीं जें शंभर वेळां पाहिलें तें अगोदर त्याच्या लेखणींत येतें. हा अनुभव एकट्या स्वेल्टचा नव्हे. आंकड्यांचीं कोष्टकें हाताळण्याची पांडाज नांवाची प्रसिद्ध लायब्ररी आहे. तिच्यांत कोष्टकाला ओळ जोडण्याची 'अपेंड' नांवाची रीत होती. जानेवारी २०२२ मध्यें ती टाकाऊ ठरविली गेली आणि एप्रिल २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तींतून ती काढूनच टाकिली. तरीहि सहायक ती मोठ्या आत्मविश्वासानें लिहून देत असल्याचें सूनबाईंनीं स्वतः पाहिलें आहे. तेथें निदान काम अडतें, म्हणून चूक सांपडते. जें अडत नाहीं आणि चुकतें, तें अधिक वाईट.

हें ऐकत असतां आम्हांस आमचीच एक जुनी गोष्ट आठवली, आणि ती येथें सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. आम्ही नोकरीस नवे होतों तेव्हां मराठीचे शिक्षक रजेवर गेल्यामुळें त्यांच्या वर्गाच्या उत्तरपत्रिका आमच्याकडे तपासावयास आल्या. एका मुलीनें 'पद्धती', 'नीती', 'गती' असे शब्द दीर्घान्त लिहिले होते. आम्ही पाठशाळेंत वाढलेले. आम्हीं लाल शाई घेतली आणि तिचे दोन गुण कापले. मराठी साहित्य महामंडळानें केलेले आणि सरकारनें १९६२ सालीं स्वीकारलेले लेखनाचे नियम शाळेच्या कपाटांत होते. संस्कृतांतून आलेले असे ऱ्हस्वान्त शब्द मराठींत दीर्घान्त लिहावे, असें त्यांत स्पष्ट सांगितलें आहे. आम्हीं तें पुस्तक उघडलें नाहीं. कारण आपल्याला येतें, अशी आमची खात्री होती. त्या दोन गुणांनीं मुलीचा पहिला नंबर गेला. निकालानंतर तिचे वडील तें पुस्तक हातांत घेऊन नम्रपणें आमच्याकडे आले. पण निकाल लागून गेला होता. या पानांवर आम्ही अजून जुन्याच वळणानें लिहितों, तो संपादकांचा उदारपणा आहे. पण त्या मुलीचें बरोबर होतें आणि आमचें चुकलें होतें, ही गोष्ट चाळीस वर्षें आमच्या मनांतून गेलेली नाहीं. म्हणून दादा जेव्हां यंत्राला दोष देऊं लागले, तेव्हां आमच्यानें त्यांच्या बाजूनें मान हालविली जाईना. तें यंत्र आमच्याच जातकुळीचें निघालें!

मग यावर उपाय काय? सहायकाचें पाठांतर पुन्हां पहिल्यापासून करून घेणें हें प्रचंड खर्चाचें काम असून तें त्याच्या मालकाच्या हातचें. आपल्या हातांत एवढेंच कीं, लिहावयास बसतांना चालू आवृत्तीची पोथी त्याच्याशेजारीं ठेवावी. पूर्वीं लोक पोथीचीं पानें हातानें उतरवून प्रश्नाबरोबर सहायकापुढें मांडीत. परंतु सहायकास एका वेळीं किती मजकूर डोळ्यांपुढें ठेवितां येतो यास मर्यादा आहे; शिवाय सबंध पोथी लोटली तर खर्च वाढतो, आणि नको त्या मजकुरांत हवें तें हरवतें. सप्टेंबर २०२४ मध्यें जेरेमी हॉवर्ड या गृहस्थांनीं अशी सूचना केली कीं, प्रत्येक संकेतस्थळानें सहायकांकरितां आपल्या पोथीची साध्या अक्षरांतली अनुक्रमणिका एका ठराविक नांवानें ठेवावी. पुष्कळांनीं ती मानिली. तरी पण अनुक्रमणिका ठेविली म्हणून विद्यार्थी ती उघडतोच असें नाहीं, हें आम्हां शिक्षकांस कोणीं सांगावयास नको.

याच्या पुढची पायरी नोव्हेंबर २०२४ मध्यें घातली गेली. अँथ्रॉपिक नांवाच्या अमेरिकन कंपनीनें 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' या नांवाची एक बोलण्याची रीत ठरवून ती सर्वांस खुली केली. तिची गरज अशी होती. समजा, पांच प्रकारचे सहायक आहेत आणि वीस लायब्रऱ्या. प्रत्येकास प्रत्येकाशीं जोडावयाचें तर शंभर निरनिराळे सांधे करावे लागतील. परंतु सर्वांनीं एकच रीत पाळली तर पांच आणि वीस मिळून पंचवीस सांध्यांत काम भागतें. मायक्रोसॉफ्टनें २०१६ सालीं संगणकाच्या भाषा आणि त्या लिहिण्याचीं साधनें यांच्यामध्यें अशीच एक रीत घालून दिली होती. त्या अनुभवावरूनच ही कल्पना घेतली आहे. मार्च २०२५ मध्यें ओपन-ए.आय. या प्रतिस्पर्धी कंपनीनेंहि ती पत्करली, त्यानंतर गूगलनें पत्करली, आणि डिसेंबर २०२५ मध्यें ती रीत लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील एका संस्थेच्या स्वाधीन करण्यांत आली. प्रतिस्पर्ध्यांनीं एकाच वळणानें बोलावें, हें व्यापारांत वारंवार घडत नाहीं.

या रीतींत तीन पात्रें असतात. ज्या साधनांत बसून मनुष्य सहायकाशीं बोलतो तें यजमान. त्याच्या वतीनें बाहेर निरोप नेणारा तो क्लायंट. आणि पोथी संभाळून बसलेला तो सर्व्हर. प्रथम भेट झाली कीं दोघेहि आपण कोणत्या आवृत्तीची रीत पाळतों आणि काय काय करूं शकतों हें सांगतात. मग क्लायंट विचारतो, "तुमच्यापाशीं साधनें कोणतीं?" सर्व्हर प्रत्येक साधनाचें नांव, उपयोग आणि त्यास काय पुरवावें लागतें, याची यादी देतो. ती यादी सहायकापुढें राहते, आणि गरज पडेल तेव्हां तो त्यांतलें एखादें साधन मागतो. हे निरोप 'जेसन-आर.पी.सी.' नांवाच्या ठराविक नमुन्यांत लिहिलेले असतात. सर्व्हर आपल्याच संगणकावर चालविलेला असेल किंवा दूर देशीं असेल. निरोपाचा नमुना तोच.

स्वेल्टच्या मंडळींनीं असा सर्व्हर स्वतःच चालविला आहे. त्यांत मुख्य साधनें तीन. पहिलें, पोथींतील प्रकरणांची यादी देतें, आणि कोणतें प्रकरण कशाच्या उपयोगाचें तेंहि सांगतें. दुसरें, मागितलेलीं प्रकरणें तेवढीं संपूर्ण देतें. तिसरें आम्हांस विशेष आवडलें: सहायकानें लिहिलेला मजकूर त्यास दाखविला म्हणजे तें त्यांतील दोष काढून परत देतें, आणि दोष उरत नाहीं तोंपर्यंत पुन्हां पुन्हां दाखवावयास सांगतें. जुन्या शाळेंत पाटी तपासून घेतल्याशिवाय घरीं जातां येत नसे, त्यांतलाच हा प्रकार. चौथें एक साधन आहे, तें तयार मजकूर एका प्रयोगाच्या पानावर नेऊन चालवून पाहण्याची सोय करितें.

जोडणी करावयास आम्हांस वाटलें तितका खटाटोप पडला नाहीं. यजमान-साधनाच्या एका लहानशा फाइलींत सर्व्हरचें नांव आणि पत्ता अशा दोन-चार ओळी लिहावयाच्या; कांहीं साधनांत तर आज्ञेची एकच ओळ पुरते. आमचा चहा निवण्यापूर्वीं तें झालें. परंतु गंमत पुढें झाली. पोथी जोडली, यादी आली, आणि सहायकास काम सांगतांच त्यानें पोथी न उघडतां पुन्हां पाठांतरावरूनच लिहून दिलें! सूनबाई हंसून म्हणाल्या, "काका, हा तर तुमच्या वर्गांतला मुलगा. पुस्तक बाकावर आहे, पण उघडायचं कुणी सांगितलं नाहीं." तेव्हां कामाच्या जागीं सहायकासाठीं जी कायमची सूचनापत्रिका ठेवितात तिच्यांत त्यांनीं लिहिलें कीं, स्वेल्टविषयीं कांहींहि लिहिण्यापूर्वीं प्रकरणांची यादी पाहावी, लागू पडतील तीं सर्व प्रकरणें वाचावीं, आणि लिहून झाल्यावर तपासणीस दाखविल्यावांचून उत्तर देऊं नये. यानंतर मात्र त्यानें यादी मागविली, 'स्टेट' आणि 'डिराइव्ड' हीं प्रकरणें वाचलीं, मजकूर नव्यानें लिहिला. तपासणींत जुन्या वळणाची आणखी एक खूण सांपडली, तीहि बदलली. सूनबाईंनीं दहाच्या जागीं शंभर लिहिले, आणि बेरीज हालली.

आम्ही उठूं लागलों, तों त्या म्हणाल्या, "थांबा काका, अजून संपलं नाहीं." त्यांनीं संख्येच्या जागीं शून्य लिहून पाहिलें, ती जागा रिकामी ठेवून पाहिली, आणि मग 'उणें पांच' असें लिहिलें. पानानें तें निमूटपणें स्वीकारलें आणि व्यापाऱ्याकडूनच दुकानदारास पैसे येणें दाखविलें! पोथींत याविषयीं नियम नव्हता, सहायकास संशय आला नव्हता, तपासणींत तो दोष नव्हता. कारण भाषेच्या दृष्टीनें त्यांत कांहींच चुकलेलें नव्हतें. औषधाचे नग उणे असूं शकत नाहींत, हें दुकानांत उभें राहून औषध घेतलेल्या माणसासच सुचावयाचें. त्यांनीं ती वाट बंद केली. दादांचा प्रश्न होता कीं, स्वतःचें काय येणार? त्याचें उत्तर आम्हांस येथें मिळालें.

वैयाकरणांमध्यें एक संकेत आहे. पाणिनीचीं सूत्रें सुमारें चार हजार. त्यांवर कात्यायनानें वार्त्तिकें लिहून जेथें उणें होतें तेथें भर घातली. आणि पतंजलीनें महाभाष्यांत दोहोंची चर्चा केली. या तिघां मुनींमध्यें जेथें मतभेद दिसेल तेथें मागाहून झालेल्याचें प्रामाण्य अधिक मानावें, असें पंडित म्हणतात. पाणिनीविषयींचा आदर त्यानें तिळमात्र कमी होत नाहीं. पण भाषा पुढें गेली, तेव्हां नुसतें सूत्र पाठ असणाऱ्यानें वार्त्तिक पाहिल्याविना निर्णय देऊं नये, एवढाच त्याचा अर्थ. लायब्ररीच्या आवृत्त्यांस हा संकेत तंतोतंत लागूं पडतो. मात्र एक पथ्य आहे. ज्याचें जुनें काम चौथ्या आवृत्तीवर उभें आहे आणि पांचवीवर जाण्याचा विचार नाहीं, त्यास पांचवीची पोथी जोडून देणें म्हणजे त्याच्या चालत्या घराचे वासे काढणें होय. पोथी कोणत्या आवृत्तीची आणि काम कोणत्या आवृत्तीचें, हें जोडणाऱ्यानें अगोदर पाहावें.

आणखीहि दोन सावधगिरीच्या गोष्टी सूनबाईंनीं आवर्जून सांगितल्या. सर्व्हर जो मजकूर पाठवितो तो सहायक वाचतो, आणि वाचलेल्या मजकुरांत कोणीं दुष्टबुद्धीनें 'अमुक फाइल उघड, तमुक ठिकाणीं पाठव' अशी आज्ञा दडविली असेल, तर भोळा सहायक ती मालकाचीच आज्ञा समजण्याचा संभव असतो. म्हणून लायब्ररीच्या कर्त्यांनीं स्वतः चालविलेला, किंवा ज्याची नीट माहिती आहे असाच सर्व्हर जोडावा. आणि सहायक एखादें साधन वापरण्याची परवानगी मागेल तेव्हां न वाचतां 'होय' म्हणूं नये. दुसरें असें कीं, विचारलेला प्रश्नहि बाहेर जातो. त्यांत गिऱ्हाइकाचें नांव, हिशेब किंवा गुप्त शब्द जाऊं देऊं नये. नवीन माणूस ओटीवर बसवावा, पण कोठीची किल्ली त्याच्या हातीं देऊं नये, हें आमच्या आजीचें धोरण येथेंहि उपयोगीं पडतें.

शेवटीं एक गोष्ट राहिली, आणि खरें पाहतां हा लेख आम्हीं तिच्याकरितांच हातीं घेतला. पोथी आयती सहायकाच्या हातीं जाऊं लागली, म्हणजे मनुष्य पोथीच्या दारीं जात नाहींसा होतो. मग पोथी लिहिणाऱ्याचें काय? टेलविंड नांवाची, पानांस रूप देणारी एक अतिशय लोकप्रिय लायब्ररी आहे. ती विनामूल्य मिळते. तिच्या कर्त्यांचा चरितार्थ चालतो तो तयार नमुने विकून, आणि गिऱ्हाइकांना त्या नमुन्यांची माहिती होते ती पोथी वाचावयास आल्यावर. जानेवारी २०२६ मध्यें तिचे कर्ते अ‍ॅडम वॅदन यांस कोणीं सुचविलें कीं, सहायकांना सोयीची अशी पोथी करून द्यावी. त्यावर त्यांनीं जें उत्तर दिलें त्याचा आशय असा: लायब्ररीचा उपयोग पूर्वींपेक्षां वाढला आहे, तरी २०२३ च्या आरंभाशीं तुलना करितां पोथीकडे येणारी वाचकांची रहदारी सुमारें ४० टक्क्यांनीं घटली आहे, उत्पन्न जवळ जवळ ८० टक्क्यांनीं उतरलें आहे, आणि आपल्या अभियंत्यांपैकीं ७५ टक्क्यांस आदल्याच दिवशीं कामावरून कमी करावें लागलें. हें प्रसिद्ध झाल्यावर कांहीं मोठ्या कंपन्या आश्रयदात्या म्हणून पुढें आल्या, ही समाधानाची गोष्ट. परंतु प्रश्न तेवढ्यानें मिटला नाहीं. पोथी सर्वांच्या उपयोगीं पडते, आणि लिहिणारा मात्र कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. अशा स्थितींत पुढची आवृत्ति कोण लिहिणार? आणि ती लिहिली गेली नाहीं तर सहायकाच्या शेजारीं ठेवावयाचें तरी काय?

आमच्या शास्त्रकारांनीं मनुष्यावर जीं जन्मजात ऋणें सांगितलीं त्यांत ऋषींचें ऋण एक आहे. तें अध्ययनानें फिटतें. म्हणजे जें घेतलें तें स्वतः शिकावें आणि पुढें द्यावें. सूनबाईंस आम्हीं ही गोष्ट बोलून दाखविली. त्या म्हणाल्या कीं, सहायक कोणतें प्रकरण उघडतो हें पडद्यावर दिसतें. तें आपणहि रोज एक वाचावयाचें त्यांनीं ठरविलें आहे. स्वेल्टच्या पोथींत कोठें चूक आढळली तर ती कर्त्यांना कळवितां येते, आणि 'ओपन कलेक्टिव्ह' येथें यथाशक्ति वर्गणीहि देतां येते. पहिला पगार हातीं येतांच त्यांनीं लहानशी रक्कम तिकडे पाठविली. रक्कम किती हें आम्हीं विचारलें नाहीं.

उमेदवारीचा एक महिना अद्यापि बाकी आहे, आणि नोकरी कायम होईल कीं नाहीं हें आज सांगतां येत नाहीं. दादांनीं आपलें मत मागें घेतलेलें नाहीं. परंतु परवांपासून संध्याकाळीं पांच वाजतां ते नातवाचें बोट धरून बागेंत जातात, आणि सात वाजेपर्यंत परत येत नाहींत. ते दोन तास सूनबाईंस मोकळे मिळतात, आणि रात्रीं दिवा लवकर मालवतो. याविषयीं घरांत कोणीं एक अक्षर बोललेलें नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं मुलें-मुली किंवा सुना-जांवई या व्यवसायांत असतील, त्यांनीं एकदां त्यांच्या शेजारीं खुर्ची टाकून बसावें आणि सहायक कोणत्या पोथीवरून लिहितो हें विचारावें, एवढीच आमची विनंति आहे. आम्हीं स्वतः काल माळ्यावरून तें लेखनाच्या नियमांचें पुस्तक काढलें, आणि नातवाच्या पाटीशेजारीं ठेविलें आहे. यंदा तो अक्षरें गिरवूं लागला आहे. त्याला 'पद्धती' शिकवितांना आमची लेखणी पुन्हां चुकूं नये.